चिमुकल्या संगणकाचें बिऱ्हाड

कोंकणांतील गृहस्थ मृगाचा पाऊस लागण्यापूर्वीं दोन कामें कधीं विसरत नाहीं : घर शाकारणें आणि चार महिन्यांची बेगमी करणें. कौल फुटल्यावर पाऊस कोणासाठीं थांबत नाहीं, हें त्याला पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवानें ठाऊक असतें. परंतु त्याच घरांत आज एक नवें कोठार निर्माण झालें आहे. कुटुंबाचीं छायाचित्रें, बागेचे हिशेब, जुन्या कागदांच्या प्रती, आजोबांच्या आवाजाचें ध्वनिमुद्रण हें सर्व संगणकाच्या स्मृतींत सांठविलें जातें. आणि ही स्मृति पुष्कळदां नखाएवढ्या एका कार्डावर अवलंबून असते. या कोठाराच्या छपराकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं.

असें कार्ड ज्यांत बसतें, त्यांतील एक सुप्रसिद्ध यंत्र म्हणजे ‘रास्पबेरी पाय’ नांवाचा चिमुकला संगणक. मुलांना संगणकाच्या अंतरंगाशीं खेळतां यावें या हेतूनें केंब्रिज येथील एबेन अप्टन व त्यांचे सहकारी यांनीं तो सिद्ध केला, आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं तो विक्रीस आला. त्या वेळीं त्याची किंमत ३५ डॉलर होती. लांबी ८५ मिलिमीटर, रुंदी ५६ मिलिमीटर; म्हणजे खेळण्याच्या पत्त्याएवढ्या एकाच बोर्डावर सारा संगणक मावलेला. शाळांतून, प्रयोगशाळांतून आणि हौशी लोकांच्या घरांतून त्याचा प्रसार झाला. घरांतील सर्वांच्या फाइली सांभाळणारा कोठारी म्हणून त्याला रात्रंदिवस चालू ठेवणारीं कुटुंबेंही आहेत. मात्र यंत्र चालविणारी सिस्टिम आणि मालकाचा सारा संग्रह, दोन्ही सामान्यतः त्या एका कार्डावरच नांदत असतात.

हें कार्ड दगा कां देतें, तें समजून घेणें अवश्य आहे. त्यांतील ‘फ्लॅश’ जातीची स्मृति जपानांतील तोशिबा कंपनींत फुजिओ मासुओका यांनीं शोधून काढली व १९८४ सालीं ती विद्वानांपुढें मांडली. तींत असंख्य सूक्ष्म कप्पे असतात. त्यांत कोंडलेल्या विद्युद्‌भारामुळें अक्षर टिकतें. वीज बंद झाली तरी हा भार राहतो, हा तिचा गुण. परंतु जुनें पुसून नवें लिहितांना कप्प्याभोंवतालचें आवरण किंचित् झिजतें, हा तिचा दोष. पेन्सिलीनें लिहून रबरानें वारंवार खोडलेला कागद जसा अखेर विरतो, तसाच हा प्रकार. त्यांतही एक शब्द खोडावयाचा असला तरी कप्प्यांचा सबंध गट पुसावा लागतो. मालक निजला असतांही सिस्टिम आपल्या व्यवहाराची रोजनिशी लिहीतच असते. त्यामुळें ही झीज अखंड चालते.

दुसरें संकट विजेचें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आलें, तेव्हां रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोली व मंडणगड या तालुक्यांत विजेचे खांब कोसळून कित्येक गांवें अनेक दिवस अंधारांत राहिलीं. पण एवढ्या मोठ्या वादळाचीच गरज नाहीं. आषाढांत एखादी फांदी तारेवर पडली तरी पुरे. लिहितां लिहितां वीज गेली म्हणजे वाक्य अर्धें राहतें, आणि तें वाक्य जर अनुक्रमणिकेंतील असेल, तर पानें शाबूत असूनही पुस्तक वाचतां येत नाहीं.

म्हणून जाणते लोक या संगणकाचें बिऱ्हाड कार्डावरून बाहेरच्या सॉलिड स्टेट ड्राइव्हवर हलवितात. तेथेंही कागद त्याच जातीचा असतो. पण वही मोठी, राखीव पानें पुष्कळ, आणि एकाच पानावर खोडाखोड होऊं न देणारा कारकून अधिक दक्ष. २०१९ मध्यें आलेल्या रास्पबेरी पाय ४ वर यूएसबी ३ ची जलद वाट असल्यानें कामाचा वेगही वाढतो.

हलविण्याची रीत कठीण नाहीं, परंतु क्रम मोडूं नये. प्रथम मौल्यवान फाइलींची निराळी प्रत काढावी. नव्या ड्राइव्हवर पूर्वींचें कांहीं असल्यास तें पुसलें जाईल, हेंही ध्यानीं ठेवावें. सिस्टिमबरोबरच ‘एस्‌डी कार्ड कॉपिअर’ नांवाचें साधन येतें. त्याच्या योगें कार्डाची हुबेहूब नक्कल ड्राइव्हवर करतां येते. मूळ व नक्कल या दोहोंचा ओळखक्रमांक एकच राहिला आणि दोन्ही एकदम जोडलेलीं असलीं, तर घोटाळा होऊं शकतो. म्हणून नवा क्रमांक देण्याचा पर्याय निवडावा. नंतर यंत्र रीतसर बंद करून कार्ड काढावें व केवळ ड्राइव्हवर तें सुरू होतें कीं नाहीं हें पाहावें. पाय ४ ला ही विद्या २०२० च्या सुधारणेनें प्राप्त झाली. यंत्र त्यापूर्वींचें असल्यास त्याचा बूटलोडर आधीं अद्ययावत् करावा. पहिल्या पिढीच्या यंत्रांत मात्र सिस्टिम ड्राइव्हवर नेली तरी दाराची किल्ली कार्डावरच ठेवावी लागते.

विजेचा हिशेबही करावा. पाय ४ आपल्या सर्व यूएसबी जोडण्यांना मिळून सुमारें १·२ अँपिअर एवढाच प्रवाह पुरवूं शकतो. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क जोडावयाची तर तिला स्वतंत्र वीजपुरवठ्याचा हब देणें श्रेयस्कर. आणि अर्धवट वाक्याचें भय ड्राइव्हलाही आहेच. त्याकरितां लहानसा यूपीएस बसवावा.

परंतु बिऱ्हाड हलविलें म्हणजे संसार सुरक्षित झाला, हा समज सर्वांत घातक होय. ड्राइव्हही एखाद्या दिवशीं अकस्मात् बंद पडतो. खारी, दमट हवा, आकाशांतील वीज, चोरी आणि पूर यांपुढें तो कार्डाहून अधिक शूर नाहीं. छापखाने नव्हते त्या काळीं पोथी टिकविण्याचा मार्ग एकच होता : तिची नक्कल करून दुसऱ्या घरीं ठेवणें. एका घरीं वाळवी लागली तरी दुसऱ्या घरीं ग्रंथ जिवंत राही. तोच न्याय येथें लागू आहे. एक प्रत यंत्राजवळ, दुसरी कपाटांत आणि तिसरी पुण्या-मुंबईच्या एखाद्या आप्ताकडे असावी. जुनें कार्डही लगेच पुसूं नये. नवें बिऱ्हाड महिनाभर स्थिरावल्यावरच तें दुसऱ्या कामीं लावावें.

नवें कार्ड बाजारांत केव्हांही मिळेल, नवा ड्राइव्हही मिळेल. दिवंगत माणसाचा आवाज मात्र पुन्हां मुद्रित करून घेतां येत नाहीं. यास्तव वर्षांतून एकदां, उन्हाळ्याच्या सुट्टींत मुलें घरीं असतां, त्या सर्व प्रती उघडून पाहाव्या. आजोबांचा आवाज तींतून स्वच्छ ऐकूं आला, तरच ती प्रत आहे असें धरावें.