हार्विचहून तुर्कूपर्यंत

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण, थोडा फेरफार करून)



परदेशाहून परत आल्यापासून मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न तिथल्या थंडीचा नाही, की बर्फाचा नाही. तो आहे, "सोबत कोण होतं?" भाजी घेताना विचारला गेला, बँकेच्या रांगेत विचारला गेला, आणि आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवालाही विचारला गेला. "कोणी नव्हतं" असे सांगितले की समोरची बाई क्षणभर थांबते आणि म्हणते, "म्हणजे वाटेत कोणीतरी भेटलं असेल!" चिटणीसबाईंनी आज बोलायला उभे केले आहे, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर एकदाच सर्वांना देऊन टाकते.

माझी मुलगी इंग्लंडमध्ये लीड्सला असते आणि मुलगा फिनलंडमध्ये तांपेरे या गावी. २०२४ च्या उन्हाळ्यात दोघांकडे जायचे ठरले. मुंबईहून लंडनला विमानाने गेले. मुलाने माझ्यासाठी विमानतळावर चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. माझे पाय धड आहेत. रोज सकाळी गंगेवर जाऊन येते. पण "आई, एवढ्या मोठ्या विमानतळावर तू चुकशील" म्हणून खुर्ची. आणि भगिनींनो, मी त्या खुर्चीत बसले! एक पोरगेलासा मुलगा मला ढकलत होता आणि मी हातात पर्स घट्ट धरून, न दुखणाऱ्या गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. लंडनला उतरल्यावरही तेच. माझ्यासारख्या आणखी सहा-सातजणी ओळीने खुर्च्यांत होत्या. एकमेकींकडे आम्ही पाहत नव्हतो.

त्या रात्री मुलीकडे झोप लागली नाही. हे जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. यांच्याबरोबर मी काशी पाहिली, रामेश्वर पाहिले. नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला तर किती वेळा गेले याला गणती नाही. पण विचार करता लक्षात आले की, एवढ्या वर्षांत तिकीट माझ्या हातात कधी नव्हतेच. ते यांच्या खिशात. मी फक्त विचारायचे, "आपला डबा कुठला?" हे गेल्यावर तिकीट मुलाच्या फोनमध्ये गेले, एवढाच फरक.

सकाळी मी मुलीला म्हटले, "तांपेरेला मी जमिनीवरून जाणार. आगगाडीने आणि बोटीने. एकटी." मुलगी हसली, मग माझ्याकडे पाहून गप्प झाली. मुलगा फोनवर रागावला. त्याचे म्हणणे, विमानाने तीन तासांत येशील, पाच दिवस कशाला हवेत? हिशेबाने त्याचे बरोबरच होते.

आता थोडी माहिती, कारण पुष्कळजणींची मुले तिकडे आहेत. इंग्लंडचा व्हिसा वेगळा आणि युरोपातील इतर बहुतेक देशांचा, ज्याला शेंगेन म्हणतात, तो वेगळा. शेंगेनमध्ये सध्या २९ देश आहेत. हा व्हिसा इथूनच काढून न्यावा. पाहुणी म्हणून इंग्लंडला गेल्यावर तिथून काढू म्हटले तर तो साधारणपणे मिळत नाही. जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. त्यासोबत निदान ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा लागतो. आणि व्हिसावर किती वेळा प्रवेश लिहिला आहे ते चष्मा लावून वाचावे. एकदाच असेल आणि तुम्ही मध्येच इंग्लंडला परत गेलात, तर दार बंद! मला परत इंग्लंडला जायचे नव्हते, घरी यायचे होते ते हेलसिंकीहूनच. म्हणून माझे भागले.

सामानाची परीक्षा मुलीच्या घरच्या जिन्यात झाली. एक पिशवी भरायची, ती घेऊन दोन मजले चढायचे. दम लागला की दोन वस्तू बाहेर. चौथ्या चढणीला पिशवी बेताची झाली. तीन साड्या, एक स्वेटर, औषधे, आणि तिखटमिठाच्या पुऱ्या व शेंगदाण्याची चटणी. युरोपात बाहेरून दूध, तूप, पेढे नेता येत नाहीत, तेव्हा ते ठेवून दिले.

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावर मी खिडकीशी विचारले, "हार्विचची गाडी?" त्या बाईला कळेना. तीन वेळा विचारले. शेवटी कागदावर लिहून दाखवले, तेव्हा तिचा चेहरा उजळला. लिहितात हार्विच, म्हणतात हॅरिच! सव्वा-दीड तासात गाडी थेट बंदरालाच लागते. फलाटावरून उतरून चार पावले गेले की बोटीची इमारत.

बोट पाहून मात्र छाती दडपली. आपल्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट जाते, ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना कल्पना येईल: पोटात मोटारी आणि वर माणसे. ही तशीच, पण सुमारे २४० मीटर लांब, आणि पोटात मालमोटारींच्या रांगाच रांगा. रात्रीच्या फेरीला प्रत्येक प्रवाशाने खोली घ्यावीच लागते. "रात्रभर एकटी बोटीवर?" असे जिला वाटत असेल तिला सांगते, दाराला आतून कडी, आत स्वच्छ न्हाणीघर, पांढरी चादर. अकराला बोट सुटली. माझ्या खोलीला खिडकी नव्हती. दिवा घालवला तर मिट्ट काळोख, आणि खालून यंत्राची धडधड. तेव्हा भीती वाटली, खोटे कशाला सांगू? बुडण्याची नव्हे. मला काही झाले तर सकाळपर्यंत कोणाला कळणार नाही, याची.

तेव्हा पार्वतीबाई आठवले आठवल्या. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करणाऱ्या, तरुणपणी वैधव्य आलेल्या पार्वतीबाई १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, अमेरिकेला गेल्या. इंग्रजी जेमतेम. तिथे लोकांच्या घरची कामे करून राहिल्या आणि भाषा शिकल्या. "माझी कहाणी" या पुस्तकात त्यांनी हे सारे लिहून ठेवले आहे. आनंदीबाई जोशींचे नाव आपण सर्वजणी घेतो. १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या तेव्हा नुकतेच अठरावे पूर्ण झाले होते. त्यांचे धैर्य मोठेच. पण मला त्या रात्री पार्वतीबाई जवळच्या वाटल्या. वय झालेली, इंग्रजीला अडखळणारी बाई. माझ्याकडे निदान फोन होता. दिवा लावला, एक पुरी खाल्ली आणि झोपले.

सकाळी हूक ऑफ हॉलंड. डच भाषेत हूक म्हणजे कोपरा, आपला कपडे अडकवायचा नव्हे. घड्याळ एक तास पुढे करायचे. पारपत्र तपासणाऱ्याने विचारले, "व्हिसा फिनलंडचा, मग तुम्ही हॉलंडमध्ये कशा?" माझ्या तोंडाला कोरड पडली. उत्तर पाठ केले होते, ते सगळे विसरले. मग पिशवीतून कागद काढले आणि त्याच्यापुढे एकेक मांडले: हॅम्बुर्ग, कोपनहेगन, स्टॉकहोम, तुर्कू. त्याने सगळे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि "एकट्याच?" असे विचारून शिक्का मारला. म्हणजे हा प्रश्न नाशिकचाच आहे असे नव्हे!

पुढची आगगाडीची वाट थोडक्यात सांगते, एक दिवस सोडून. जर्मनीतल्या एका मधल्या स्थानकावर माझी गाडी उशिरा पोचली आणि हॅम्बुर्गची पुढची गाडी निघून गेली. संध्याकाळ झाली होती. ध्वनिक्षेपकावर जर्मन भाषेत काही सांगत होते, लोक धावत होते, आणि मी बाकावर बसून, भगिनींनो, चक्क रडले. हात आपोआप फोनकडे गेला. मुलाचा नंबर काढला. आणि ठेवून दिला. तो तिथून काय करणार होता? काळजी करणार, आणि "मी म्हटलं होतं" म्हणणार. डोळे पुसले आणि गणवेशातल्या एका बाईला तिकीट दाखवले. तिने पाठीमागे वेळ आणि फलाटाचा आकडा लिहून दिला. दीड तासाने गाडी मिळाली, रात्री अकराला हॅम्बुर्गच्या हॉटेलात पोचले. सगळा प्रसंग एवढाच. पण तिकिटाचा तो कागद मी जपून ठेवला आहे.

पूर्वी हॅम्बुर्गहून कोपनहेगनला जाणारी आगगाडीच बोटीत शिरत असे. डबेच्या डबे बोटीच्या पोटात, आणि पाऊण तासाने पलीकडे डेन्मार्कच्या रुळांवर. डिसेंबर २०१९ मध्ये ते बंद झाले. आता गाडी जमिनीवरून वळसा घेऊन जाते, आणि समुद्राखालून सुमारे १८ किलोमीटरचा बोगदा होतो आहे. माझे हे सुख हुकले. पुढे डेन्मार्कहून स्वीडनला पुलावरून. देशांना सीमा उरल्या नाहीत असे म्हणतात, पण पलीकडच्या पहिल्या स्थानकावर पोलीस डब्यात आलेच. पारपत्र पिशवीच्या तळाशी ठेवू नये. आणि स्वीडनमध्ये नोटा फारशा कोणी घेत नाही. मी मोठ्या हौसेने क्रोना घेऊन गेले होते. स्वच्छतागृहालासुद्धा कार्ड लागले. त्या नोटा नातवाच्या खेळण्यांत आहेत.

स्टॉकहोमहून तुर्कूची बोट मी मुद्दाम दिवसाची घेतली. सकाळी निघते, रात्री आठच्या सुमारास पोचते. या प्रवासाचे वर्णन मला साधेल असे वाटत नाही. समुद्र म्हणावा तर दोन्ही बाजूंना बेटे. काही बेटांवर एकच घर, एक लाल झोपडी, एक होडी; काहींवर फक्त खडक आणि चार झाडे. बोट त्यांच्यामधून एवढी जवळून जाते की अंगणातले वाळत घातलेले कपडे दिसतात. मी सकाळपासून वरच्या मजल्यावर शाल गुंडाळून बसले. आत लोक खरेदीत दंग. वाटेत ओलांड नावाच्या बेटाला बोट थोडा वेळ लागते. ही बेटे फिनलंडची, बोली मात्र स्वीडिश. १९२१ साली राष्ट्रसंघाने तसा निवाडा दिला. करांच्या बाबतीतही ती युरोपीय संघाच्या नियमांबाहेर आहेत, म्हणून तिथे थांबणाऱ्या बोटीवर दारू-तंबाखू करमुक्त विकता येते. पुष्कळजण तेवढ्यासाठीच येतात असे शेजारी बसलेल्या आजींनी सांगितले. त्या स्वतः लोकर विणत होत्या. मी त्यांना चटणी दिली. त्यांनी चिमूटभर खाल्ली आणि पाणी मागितले.

तुर्कूला उतरले तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते आणि ऊन होते. मुलगा धक्क्यावर उभा. त्याने पिशवीला हात घातला, मी दिली नाही. मोटारीत बसल्यावर बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, हॅम्बुर्गला उशीर झाला होता ना? ताईनं सांगितलं. मी रात्रभर जागा होतो." मला वाटले होते, मी त्याला काळजीतून वाचवले! याचे मला अजून वाईट वाटते. पण पुन्हा वेळ आली तर फोन करीन की नाही, हे मला सांगता येत नाही.

तेव्हा सोबत कोणी नव्हते. नकाशा, गाड्यांच्या वेळा आणि व्हिसाला लागलेल्या कागदांची यादी मी मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. ज्यांना हवी त्यांनी पाहावी. ती निळी पिशवी मात्र मागू नये. आपल्यातल्याच एका भगिनीने ती मागच्या आठवड्यात नेली आहे. कुठे जाणार ते त्यांनी अजून घरी सांगितलेले नाही, म्हणून मीही सांगत नाही.