मॅकडूगल स्ट्रीटवरचं दुकान

१९५७ साली न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये, मॅकडूगल स्ट्रीटवर, इझी यंग यांनी ‘फोकलोर सेंटर’ नावाचं दुकान उघडलं. लोकगीतांची पुस्तकं, रेकॉर्ड, वाद्यं, असा सगळा माल. गल्ला बेताचाच, कारण गिऱ्हाइकांपेक्षा गाणाऱ्यांचाच राबता जास्त! मागच्या खोलीत तरुण बॉब डिलन जुन्या रेकॉर्ड ऐकत बसे. संध्याकाळी पुस्तकांच्या कपाटांमध्येच छोट्या मैफली रंगत. ना मंच, ना पडदा.

याच यंग यांनी ४ नोव्हेंबर १९६१ रोजी कार्नेगी हॉलच्या छोट्या सभागृहात डिलनचा कार्यक्रम लावला. तिकीट दोन डॉलर, श्रोते जेमतेम पन्नासेक. व्यवहार म्हणून आतबट्ट्याचाच.

त्याच डिलनना २०१६ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं, तेव्हा ‘गाणं म्हणजे कविता का?’ असा वाद झडला. तुकोबांचे अभंग टाळ-मृदंगासह ऐकत वाढलेल्या आपल्याला त्या वादाची गंमतच वाटते.

यंग १९७३ मध्ये स्टॉकहोमला गेले आणि तिथेही त्यांनी तसंच दुकान थाटलं. पुस्तकं, गाणी आणि गप्पा यांत ते पुढची कित्येक वर्षं रमले. २०१९ मध्ये त्याच शहरात त्यांचं निधन झालं.