जीर्णोद्धार एका मोटारीचा



जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळांना, घाटांना, फार तर एखाद्या जुन्या वाड्याला लावतो. तो मी आज मोटारीला लावणार आहे, याचे कोणाला हसू आले तर मी ते समजू शकतो. परंतु देवळाच्या जीर्णोद्धारात जो प्रश्न उभा राहतो, तोच या लहानशा वस्तूतही उभा राहतो. जुने किती ठेवायचे, नवे किती घालायचे, आणि हे ठरवायचे कोणत्या कसोटीवर?

उदाहरणादाखल मी एकच मोटार घेतो. तिचे नाव एमजीबी. एमजी ही अक्षरे २०१९ पासून आपल्याही रस्त्यांवर दिसू लागली आहेत. पण ती मुळात ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेस या पेढीची आद्याक्षरे. १९६२ साली इंग्लंडातील ॲबिंग्डनच्या कारखान्यातून ही उघड्या टपाची, दोन माणसांची धावरी गाडी बाहेर पडली आणि १९८० पर्यंत, कारखाना बंद होईपर्यंत, तिच्या सर्व प्रकारांच्या मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. त्यांतला फार मोठा वाटा अमेरिकेत गेला. म्हणजे ही राजेरजवाड्यांची गाडी नव्हे. पगारदार तरुणाची हौस होती. म्हणूनच आज तिची डागडुजी करणारेही बहुधा सामान्य माणसेच असतात.

अशा गाडीत बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी सतत असतात: डॅशबोर्ड आणि त्यावरची काचेची चौकट. या दोहोंचे काम वेगवेगळे करता येईल असे प्रथम वाटते. पण काचेच्या चौकटीचे दोन्ही पाय गाडीच्या अंगात उतरलेले असतात आणि त्यांचे बोल्ट डॅशबोर्डाच्या आतल्या बाजूने हाती लागतात. तेव्हा चौकट काढायची, तर डॅशबोर्ड सैल करणे किंवा उतरवणे सोयीचे पडते. एकात हात घातला की दुसरे आपोआप पुढ्यात येते!

डॅशबोर्ड उतरवण्याआधी बॅटरीची तार सोडावी, हे सांगायला नको. मात्र एक सांगायला हवे. १९६७ पर्यंतच्या या गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असे, पुढे ऋण टोक जोडू लागले. जोडणी करताना हे विसरले, तर विजेची नाजूक उपकरणे जळतात. दुसरी सावधगिरी पाण्याचे तापमान दाखवणाऱ्या तबकडीची. तिच्यापासून इंजिनापर्यंत केसासारखी बारीक नळी गेलेली असते आणि तिच्यात ईथर भरलेले असते. नळी मुरगळली किंवा तुटली की तबकडी निकामी झाली. म्हणून तारा आणि नळ्या सोडण्यापूर्वी प्रत्येकीला चिठ्ठी बांधावी. शहाणा कारागीर स्मरणशक्तीवर विसंबत नाही.

आता रंग. सुरुवातीचा डॅशबोर्ड पोलादी पत्र्याचा होता. त्यावरचा काळा रंग गुळगुळीत नसून सुरकुतलेला असे. हाताला तो तापवून गार केलेल्या दुधावरच्या सायीसारखा लागतो, आणि त्याचे कारणही सायीसारखेच आहे. जाड थराचा पृष्ठभाग आधी वाळतो, आतला भाग मागून वाळतो, आणि वरची कातडी आकसून तिला सुरकुत्या पडतात. या सुरकुत्यांमुळे ऊन परतून डोळ्यांवर किंवा काचेवर चमकत नाही. पातळ हात दिला तर सुरकुत्या पडत नाहीत. एकीकडे उष्णता जास्त झाली तर तिकडे बारीक आणि इकडे जाड पडतात. म्हणून आधी रद्दी पत्र्यावर हात बसवावा. मधल्या मालकांनी रेडिओसाठी पाडलेली भोके वितळजोड देऊन बुजवावीत. लांबी भरून झाकलेले भोक हादऱ्यांनी पुन्हा डोके वर काढते.

काचेची चौकट ॲल्युमिनियमची आणि तिचे पुष्कळसे स्क्रू पोलादाचे. या दोन धातूंच्या मध्ये ओल शिरली की त्यांच्यात सूक्ष्म वीज खेळू लागते आणि ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते. ती भुकटी स्क्रूला असा विळखा घालते, की जोर लावताच स्क्रूचे डोके तुटून हाती येते. येथे बळाचे काम नाही. झिरपणारे तेल सोडावे, एक दिवस वाट पाहावी, मग बेताची उष्णता द्यावी. उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादापेक्षा सुमारे दुप्पट फुगते, म्हणून पकड सुटते. काच मात्र या उष्णतेपासून दूर ठेवली पाहिजे.

चौकट उजळण्यात आणखी एक मेख आहे. पितळेच्या भांड्याची कल्हई हा वरून चढवलेला दुसरा धातू असतो. या चौकटीवरचा संरक्षक थर तसा नाही. ॲल्युमिनियमचाच वरचा भाग विजेच्या साहाय्याने कठीण ऑक्साइडमध्ये पालटवलेला असतो. त्यावर चरे पडले असतील, तर कितीही घासा, नीट चकाकी येत नाही. तो थर कॉस्टिक सोड्याने काढावा लागतो, मग धातू घासावा लागतो आणि पुन्हा तीच विजेची प्रक्रिया करून घ्यावी लागते. ही शेवटची पायरी गाळली, तर चौकट काही दिवस आरशासारखी दिसते आणि मग मलूल होते. नव्याचे नऊ दिवस, ते हे!

येथवर हातांचे काम झाले. खरा पेच पुढे आहे.

१९६६ साली अमेरिकेत मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. अपघातात माणसे समोरच्या पोलादी डॅशबोर्डावर आपटत होती. नवे नियम १९६८ पासून लागू झाले आणि तिकडे जाणाऱ्या एमजीबीला जाड, फुगीर, फोमने भरलेला डॅशबोर्ड आला. लोकांनी त्याला चेष्टेने ‘ॲबिंग्डनची उशी’ म्हटले. काचही बुटकी आणि रुंद. दोन वायपरांनी नियमाइतका भाग पुसला जाईना, म्हणून तिकडच्या उघड्या गाड्यांना तीन वायपर बसवावे लागले. गाडीच्या सौंदर्याला गालबोट लागले, असे रसिकांना वाटले.

आज अशा गाडीची ती उशी उन्हाने तडकलेली असते. तिचा मालक पुष्कळदा काय करतो? उशी फेकून देतो, जुना पोलादी पत्रा मिळवून बसवतो आणि म्हणतो, ‘मी गाडी मूळ रूपात आणली.’ श्रोतेहो, हे मूळ रूप कोणाचे? त्या गाडीचे तर ते कधीच नव्हते! १९६९ साली ती उशीसहितच जन्मली. आपल्याला आवडलेला भूतकाळ तिच्यावर चढवणे, याला जीर्णोद्धार कसे म्हणावे?

‘गाडी माझी आहे, मला सुंदर दिसेल ते मी करीन,’ असे मालक म्हणेल. त्याचा हक्क मला मान्य आहे. त्याने त्याला जीर्णोद्धार म्हणू नये, एवढेच माझे म्हणणे. त्या कुरूप उशीत इतिहास आहे. माणसाच्या कपाळापेक्षा पत्र्याची शोभा मोठी नाही, हे एका समाजाने कायद्याने ठरवले, त्याची ती साक्ष आहे. ती सांधावी, भेगा भरून तिला नवे आवरण द्यावे. हे काम पत्रा बसवण्यापेक्षा अवघड आहे, म्हणूनच ते करण्यासारखे आहे.

मग काहीच बदलू नये काय? तसे नाही. काच फुटलीच असेल, तर दोन काचांमध्ये पारदर्शक पडदा असलेली काच घ्यावी. ती तडकली तरी अंगावर येत नाही. अशी काच शोधणाऱ्या एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच गृहस्थाने १९०९ साली तिचे पेटंट घेतले होते, तेव्हा जुन्या गाडीला ती परकी नाही. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिसची सनद झाली. तिच्या धर्तीवर जुन्या वाहनांसाठी तुरीनची सनद २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिचा मथितार्थ सोपा आहे: जे टिकवता येईल ते टिकवा, बदल केलाच तर त्याची नोंद ठेवा, आणि तो उद्या कोणाला मागे घेता येईल असा करा.

हा नियम मला मोटारीपुरता वाटत नाही. आपल्या गावातल्या देवळांचे दगडी खांब जीर्णोद्धाराच्या नावाखाली तैलरंगाने रंगतात, कोरीव लाकडी तक्तपोशीच्या जागी गुळगुळीत छत येते, तेव्हाही आपण त्यांना नवे नव्हे, निनावी करत असतो. जुन्या वस्तूला तरुण करता येत नाही. तिचे म्हातारपण सुखाचे करता येते. हात लावण्यापूर्वी तिला एकच प्रश्न विचारावा: ‘तू अशी का आहेस?’ त्याचे उत्तर मिळेपर्यंत पाना खाली ठेवण्याइतका धीर ज्याच्यापाशी आहे, तोच खरा कारागीर.