शस्त्रक्रियेपूर्वीची भीती आणि आभासी जगाचा आधार

(परिचारिका व आरोग्यसेवक यांच्यासमोर केलेले भाषण)



शस्त्रक्रियागृहाचे दार मोठ्या माणसालाही धास्तावते. मग पाच-सहा वर्षांच्या बालकाची अवस्था काय होत असेल? सकाळपासून त्याला उपाशी ठेवलेले असते, अंगावरचे कपडे बदललेले असतात, भोवतालची माणसे तोंड झाकून वावरत असतात आणि ऐन वेळी आईचा हात सुटतो. हे सारे कशासाठी, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते. ही भीती क्षुल्लक नव्हे. फार घाबरलेल्या बालकाला भूल देणे अवघड जाते आणि घरी परतल्यावरही असे मूल काही दिवस झोपेत दचकून उठू शकते. म्हणून भीतीचे निवारण हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

या कामी आभासी वास्तव, म्हणजेच व्हर्च्युअल रिॲलिटी, या तंत्राचा उपयोग काही देशांत होत आहे. डोळ्यांवर जाड चष्म्यासारखे उपकरण बांधले की समोरची खोली दिसेनाशी होते व चित्रातील जग चोहोबाजूंनी दिसू लागते. मान वळवावी तसे दृश्यही वळते. अमेरिकेतील सिॲटल येथे हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटरसन या संशोधकांनी भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाचे असे एक जग निर्माण केले. जखमेची मलमपट्टी चालू असताना रुग्ण त्या जगात बर्फाचे गोळे फेकण्यात रमतो. माणसाचे लक्ष मर्यादित असते. ते दुसरीकडे गुंतले की वेदना कमी जाणवते, हे त्यामागील तत्त्व होय.

पुढची वाट आधी दाखविणे

शस्त्रक्रियेस सामोऱ्या जाणाऱ्या मुलांना मात्र केवळ लक्ष वळवून भागत नाही. दक्षिण कोरियात, सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या बुंदांग येथील रुग्णालयात, या दृष्टीने एक प्रयोग झाला व २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चार ते दहा वर्षांच्या ६९ मुलांपैकी काहींना नेहमीप्रमाणे तोंडी माहिती देण्यात आली. इतरांना या उपकरणातून चार मिनिटांचा चित्रपट दाखविण्यात आला. तेथील मुलांचा लाडका पेंग्विन पोरोरो त्यात स्वतः शस्त्रक्रियागृहात जातो आणि पुढे काय काय होणार ते दाखवितो. भूल देण्यापूर्वी मोजलेली चिंता चित्रपट पाहिलेल्या मुलांत स्पष्टपणे कमी आढळली. अनोळखी दार त्यांना ओळखीचे झाले होते.

तथापि यंत्राकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे सुमारे २०० मुलांवर झालेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशाच दृश्यामुळे मुलांची चिंता कमी झाल्याचे आढळले नाही. अधिक वेदनादायक शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना वेदनाशामक औषध मात्र कमी वेळा द्यावे लागले. शिवाय काही मुलांना या उपकरणाने मळमळते, काहींना आई दिसेनाशी झालेली खपत नाही. आणि प्रत्येक वापरानंतर ते निर्जंतुक करावेच लागते.

आपल्याला काय करता येईल?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघर येथूनच झाला. अंगणवाडीत व शाळेत तपासणी होऊन दुभंगलेला ओठ, हृदयातील जन्मजात दोष, वाकडे पाऊल असलेली मुले या योजनेतून शस्त्रक्रियेसाठी पाठविली जातात. पाड्यावरचे मूल शहरातील रुग्णालयात येते, तेव्हा त्याला तेथील भाषाही परकी वाटते. महागडे उपकरण हाती नसले तरी आपल्याच रुग्णालयाची वाट, ती खोली, तो मुखवटा, शुद्धीवर येताना उशाशी बसलेली आई, हे सारे चार मिनिटांत साध्या मोबाईलवर चित्रित करून वारली, कोकणा वा भिली बोलीत दाखविता येईल. त्यानंतर मुलाला मनमोकळे प्रश्न विचारू द्यावेत.

एवढी एक विनंती मात्र करतो. "काही दुखणार नाही" असे खोटे आश्वासन मुलाला देऊ नका. "थोडे दुखेल, पण आम्ही औषध देऊ आणि तू जागा होशील तेव्हा आई जवळ असेल," असे सांगा आणि त्याप्रमाणे आईला खरोखरच जवळ बसवा. उपकरण मुलाला वाट दाखवील. त्या वाटेवर त्याचा हात धरण्याचे काम तुमचेच आहे.