ओढणें आणि धरणें



आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें, पुतणे, भाचे आज अमेरिकेंत आहेत. तिकडील एका हौसेचें वर्णन त्यांच्या तोंडून आपण ऐकलें असेल. चाकांवर बसविलेलें एक लहानसें घर घ्यावयाचें, त्यांत बिछाने, चूल, पाण्याची टांकी अशी सर्व सोय असावयाची, आणि तें गाडीमागें जोडून सहकुटुंब रानावनांत मुक्कामास जावयाचें. या घरास तिकडे ‘कॅम्पर’ म्हणतात. तें ओढण्यास बहुधा ‘पिकअप’, म्हणजे पाठीमागें उघडा हौदा असलेली मोटार, वापरतात. नवी पिकअप फार महाग. म्हणून वीस वीस वर्षांच्या जुन्या गाडीस हें घर जोडणारीं कुटुंबें तिकडे अनेक आहेत. अशा जुन्या गाडीनें हें ओझें सुरक्षितपणें कसें न्यावें, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

माझा पुतण्या कोलोरॅडो राज्यांत डेन्व्हर येथें असतो. मी त्याच्याकडे कांहीं महिने राहिलों असतां त्यानें असेंच एक कॅम्पर घेण्याचें ठरविलें. तो मला म्हणाला, “काका, आपली गाडी सात हजार पौंड ओढते असें कंपनीच्या पुस्तकांतच लिहिलें आहे. कॅम्पर रिकामें असतां साडेचार हजारांचें. मग हरकत कोणती?” मीं म्हटलें, “ओढते किती हें कळलें. आतां पाठीवर किती घेते आणि उतारावर किती धरते, तें सांग.” मोटारीच्या यंत्राचें माझें ज्ञान बेताचेंच, परंतु उभा जन्म मुलांना गणित शिकविण्यांत गेला, आणि बालपण बैलगाडीवर गेलें. या प्रश्नास तेवढी शिदोरी पुरेशी होती.

प्रथम पाठीवरच्या भाराचा विचार करूं. बैलगाडींत ओझें मागें अधिक झालें कीं गाडी ‘उलाळ’ होते आणि जूं वर उचललें जातें. पुढें अधिक झालें तर ती ‘धुरजड’ होऊन बैलांच्या माना दबतात. कॅम्परचेंही तसेंच आहे. त्याच्या एकंदर वजनापैकीं शेंकडा 10 ते 15 इतका भार पुढच्या जोडावर, म्हणजेच पिकअपच्या पाठीवर, पडला पाहिजे. तो याहून कमी झाला तर वेगांत कॅम्परचें शेपूट डावीउजवीकडे हलूं लागतें. फार झाला तर पिकअपचा मागचा भाग दबतो, पुढचीं चाकें हलकीं होतात आणि त्यांची रस्त्यावरील पकड कमी होते.

आतां पुतण्याचा हिशेब ऐका. गाडीच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी असते. तिच्यावर माणसें व सामान यांसह गाडीचें जास्तींत जास्त वजन किती असावें तें दिलेलें असतें. येथें तें 6,500 पौंड होतें. रिकामी गाडी काट्यावर 5,000 पौंड भरली. म्हणजे पाठीवर घेण्यास उरले 1,500. कॅम्पर रिकामें 4,600 पौंडांचें खरें, परंतु भांडींकुंडीं, अंथरुणें, धान्य, गॅसच्या टांक्या व पाणी धरून तें 5,600 वर गेलें. अमेरिकन गॅलनभर पाणी 8.3 पौंडांहून थोडें अधिक भरतें. 40 गॅलनांची टांकी म्हणजे 330 पौंड झाले! या 5,600 चे शेंकडा 12 धरले तर जोडावर सुमारें 670 पौंड. नवराबायको व दोन मुलें मिळून 500, जोडाचें लोखंड 90, आणि हौद्यांतील हत्यारें, सायकली व जळाऊ लांकूड 350. बेरीज 1,610. ओढण्याच्या मर्यादेंत 1,400 पौंड शिल्लक असतांनाच पाठीवरची मर्यादा ओलांडली गेली होती!

उपाय कांहीं अवघड नव्हता. पाणी मुक्कामाच्या जागीं भरावयाचें ठरलें, लांकूड तेथेंच विकत घ्यावयाचें ठरलें, सायकली घरीं राहिल्या. टांकी आंसाजवळ असल्यानें जोडावरचा भार 630 वर आला, हौद्यांतील सामान 200 वर आलें, आणि बेरीज 1,420 झाली. असा हिशेब अंदाजानें मात्र करूं नये. आपल्याकडे साखर कारखान्याच्या दारांत उसाच्या गाड्यांसाठीं काटा असतो, तसे काटे तिकडे मोठ्या रस्त्यांवरील मालमोटारींच्या थांब्यांवर असतात, आणि थोडी फी देऊन कोणासही वजन करून घेतां येतें.

दुसरी गोष्ट धरण्याची. पांच हजारांची गाडी आणि पांच हजारांहून अधिक वजनाचें घर म्हणजे ब्रेकवरील काम दुपटीहून अधिक. त्यांत वेगाचें गणित निराळें: ताशीं 50 मैलांचे 60 मैल केले तर वेग पंचमांशानें वाढतो, पण थांबवावयाची शक्ति जवळजवळ दीडपट होते. म्हणून कॅम्परला स्वतःचे विजेचे ब्रेक असतात, आणि त्यांचें नियंत्रण चालकाच्या हाताशीं असतें. अनेक राज्यांत सुमारें 3,000 पौंडांवरील ओझ्यास असे ब्रेक कायद्यानेंच आवश्यक आहेत. जोड तुटलाच तर हे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून एक तार व लहान बॅटरी असते. ती बॅटरी मेलेली नाहीं ना, हें निघण्यापूर्वीं पाहावें. जोडाखालीं दोन साखळ्या एकमेकींस छेदून बांधाव्यात, म्हणजे जोड निसटला तरी कॅम्परचें तोंड त्या झोळींत अडकून राहतें.

डेन्व्हरहून पश्चिमेस निघालें कीं सुमारें 11,000 फूट उंचीवर आयझेनहॉवर बोगदा लागतो. त्याची पहिली नळी 1973 सालीं खुली झाली. इतक्या उंचीवर हवा विरळ. साध्या इंजिनाची शक्ति दर हजार फुटांस सुमारें शेंकडा 3 नें घटते, म्हणजे तेथें एकतृतीयांश शक्ति गेलेलीच असते. चढावर जुन्या गाडीचें पाणी व गिअरपेटींतील तेल तापतें. म्हणून सर्वांत वरचा गिअर टाळून उजव्या कडेनें सावकाश जावें. खरी परीक्षा मात्र पलीकडील उतारावर होते. कांहीं मैल रस्ता दर शंभर फुटांस जवळजवळ सात फूट खालीं जातो. ब्रेक तापून निकामी झालेल्या मालमोटारींसाठीं तेथें कडेला खडीनें भरलेल्या चढणी बांधून ठेविल्या आहेत. त्या कशासाठीं आहेत हें समजलें म्हणजे उतार लागण्याआधींच खालचा गिअर घालण्याची बुद्धि होते. ब्रेक सतत दाबून न ठेवतां मधून मधून लावून वेग उतरवावा आणि सोडावा.

जुन्या गाडीचें वय पुस्तकांतील आंकड्यांत धरलेलें नसतें. बर्फाळ प्रदेशांत रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यानें सांगाडा व ब्रेकच्या नळ्या गंजतात. ज्या ठिकाणीं जोड बसवावयाचा तेथील लोखंड कारागिराकडून पाहून घ्यावें. ब्रेकच्या तेलांत वर्षानुवर्षें ओलावा शिरतो आणि तें लवकर उकळूं लागतें, तें बदलावें. टायरवरील शेवटचे चार आंकडे त्याची जन्मपत्रिका सांगतात: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. कॅम्परचे टायर फारसे झिजत नाहींत, पण रबर नुसतें उभें राहूनही म्हातारें होतें.

आणि वाऱ्यानें किंवा शेजारून गेलेल्या मोठ्या मालमोटारीमुळें कॅम्पर झोले खाऊं लागलेंच, तर गाडीचा ब्रेक जोरानें दाबूं नये, वेगही वाढवूं नये. चाक सरळ धरावें, वेगाचें पाऊल उचलावें, आणि हातानें केवळ कॅम्परचे ब्रेक हलके लावावेत. मग पुढें सुरक्षित जागीं थांबून सामान पुढेंमागें करावें.

सारांश, पुस्तकांतील ओढण्याचा आंकडा हा अनेक मर्यादांपैकीं एक आहे; ज्या मर्यादेस आपण प्रथम पोंचतों, तीच आपली खरी मर्यादा. तेव्हां आपलीं मुलें अशा प्रवासास निघालीं असें कळेल, त्या दिवशीं फोनवर त्यांना दोनच प्रश्न विचारा: सर्व सामानासह काट्यावर वजन केलेंस का? आणि मागच्या घराचे ब्रेक लावून पाहिलेस का? दोन्हींचें उत्तर होकारार्थी आलें, तर खुशाल आशीर्वाद द्या. नाहीं तर, एक दिवस उशिरा निघा, असें वडीलकीच्या अधिकारानें सांगावयास संकोच करूं नका.