बेणेमळा राखा

दौंड-शिरूरकडची जी तरुण मंडळी बझरबीटरसारख्या खेळात ऑनलाइन बास्केटबॉल संघ चालवतात, त्यांच्याशी आज बोलायचं आहे. हंगाम-दोन हंगाम वरच्या लीगमध्ये टिकता आणि खाली येता. मग म्हणता, पैसा कमी पडला. पैसा नाही रे बाबांनो, लागण कमी पडली!

उसाचं तुम्हाला काय सांगायचं? पाटसच्या कारखान्याला आज गेलेला आडसाली ऊस दीड वर्षापूर्वी लावलेला असतो. पहिला खोडवा कमी खर्चात बरा येतो. पण खोडव्यावर खोडवा घेत गेलं की फुटवे विरळ होतात, टनेज घटतं. तिशीतले तयार खेळाडू बाजारातून घेऊन संघ रेटणं हे तसंच आहे. वर पगार त्यांचेच जास्त.

म्हणून बेणेमळा राखा. अठरा-एकोणिसाची पोरं घ्या. आठवड्यात सरावाच्या जागेवर 48 मिनिटं खेळली, तरच त्यांना सराव पुरता लागतो. हरायच्या भीतीनं तुम्ही त्यांना बाकावर बसवता. बेण्याचा ऊस कुणी कारखान्याला घालतं का?

कबड्डीतली आपली पुणेरी पलटण बघा. 2023 च्या लिलावात तिनं इराणच्या शादलूला 2 कोटी 35 लाखांना घेतलं आणि 1 मार्च 2024 ला हरियाणाला 28-25 नं हरवून प्रो कबड्डी जिंकली. घेतलेला खेळाडू उपयोगी पडला, हे खरंच. पण पुढच्या हंगामात तो हरियाणाकडे गेला आणि बालेवाडीत हरियाणा विजेता ठरला. पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार दुखापतीनं बाहेर, संघ बाद फेरीलाही मुकला. तरी 2025 ला पलटण पुन्हा अंतिम सामन्यात! दिल्लीकडून 31-28 नं हरली, पण तिथवर पोचली. शेजारच्या नगर जिल्ह्यातला अस्लम पलटणनंच 2021 च्या हंगामात नवखा म्हणून उतरवला होता. विकतचा एक हंगाम राहिला, घरचा अजून आहे.

सांगून ठेवतो, कारण हेच निसटतं: लीग जिंकलेल्या हंगामातच पुढची लागण करायची. घसरण लागल्यावर लावलेलं बेणं त्या हंगामाला कामी येत नाही.

या आठवड्यात एका तरी पोराला पूर्ण 48 मिनिटं द्या. सामना गेला तरी चालेल.