लोटाभर पाण्याचा हिशेब



पर्यावरणावर बोलायचं म्हटलं की वक्ते वितळणाऱ्या हिमनद्यांपासून सुरुवात करतात. मी आमच्या लातूरच्या घरातल्या मोरीपासून करते.

2016चा उन्हाळा तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. आमची अम्मी रात्री टँकरच्या रांगेत उभी राहायची. घरात प्रत्येकाने एका लोट्यात वुजू करायचा, कपडे धुतलेलं पाणी संडासात वापरायचं, हा नियम होता.

मग पाऊस झाला, नळ सुरू झाले आणि लोटा माळ्यावर गेला.

गेल्या वर्षी मी नळाखाली बादली ठेवून मोजलं. वाहत्या नळावर एका वुजूला सहा लिटर पाणी गेलं. लोट्याने दीड लिटरमध्ये भागलं. घरात चार माणसं, दिवसातून पाच वेळा. म्हणजे 120 लिटरऐवजी 30. वर्षाला 32 हजार लिटरपेक्षा जास्त बचत, रेल्वेची अर्धी वाघीण भरून उरेल इतकी! हदीसमध्ये तर पैगंबरसाहेब एक मुद, म्हणजे लिटरपेक्षाही कमी पाण्यात वुजू करत असा उल्लेख आहे.

अब्बा म्हणाले, "आपण पाणीपट्टी भरतो की." मी म्हटलं, "पट्टी भरल्याने धरण भरत नाही, अब्बा." दुसऱ्या दिवशी लोटा खाली आला.

पाण्यानंतर बाकीच्या गोष्टी सोप्या वाटल्या. डाळ, हरभरे भिजवून कुकरमध्ये लावले की गॅस कमी लागतो. 60 वॅटच्या जुन्या बल्बचं काम नऊ-दहा वॅटचा एलईडी करतो. भाज्यांची सालं, देठं गच्चीवर भोकं पाडलेल्या डब्यात सुक्या पाल्याबरोबर टाकली की खत होतं. तोच ओला कचरा डेपोच्या ढिगाऱ्यात हवेशिवाय कुजला की त्यातून मिथेन निघतो.

राहिला इफ्तार. थर्माकोलच्या प्लेटांवर राज्यात 2018पासून बंदी आहे, तरी त्या दिसतातच. आमच्या गल्लीत वर्गणी काढून स्टीलची ताटं घ्यायचं ठरलं, तेव्हा अम्मीने एकच प्रश्न विचारला, "धुणार कोण?" सगळे गप्प. कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. मग ठरलं, जो जेवेल तो आपलं ताट धुवेल. पोरांनी आधी कुरकुर केली, नंतर सवय झाली. पर्यावरण वाचवण्याचं ओझं पुन्हा आई-बहिणींच्याच डोक्यावर जाणार असेल, तर ती बचत खरी नव्हे.

कुणी म्हणेल, उसाला पाणी किती जातं, जलवाहिन्या किती गळतात, तिथे लोट्याने काय होणार? खरं आहे. ते प्रश्न विचारायलाच हवेत, सभेत, अर्जात, मतदानात. पण आपल्या मोरीचा हिशेब ज्याला ठाऊक आहे, तो शहराचा हिशेब जास्त ठामपणे मागू शकतो.

तेव्हा उद्या फजरला नळाखाली बादली ठेवा. तुमच्या घरचा आकडा काढा. आणि पुढच्या बैठकीला येताना तो सोबत आणा.